उंच पिकअपची शंभर वर्षे: टायर, पाटे आणि ठोकळे

पिकअप ट्रकची चेसी कारखान्याने ठरवलेल्या उंचीपेक्षा वर उचलायची आणि तिच्याखाली मोठे टायर बसवायचे, ही पद्धत अमेरिकेत रुजली. तिला आधी छंदाचे आणि मग उद्योगाचे रूप आले. आज उंची वाढवण्याचे सुटे भाग ‘लिफ्ट किट’ या नावाने एकाच खोक्यात मिळतात. या खोक्यातला प्रत्येक भाग मुळात एकेका अडचणीवरचा तोडगा होता, त्यामुळे भागांची निवड समजून घ्यायची तर ते कोणत्या क्रमाने आले हे पाहावे लागते. हा क्रम बहुतेक वेळा सारखाच राहिला आहे. आधी टायर मोठा झाला, त्याला जागा हवी म्हणून गाडी उचलली गेली आणि उचलल्याने बिघडलेली जुळणी सावरण्यासाठी बाकीचे भाग आले.

कच्चे रस्ते आणि उंच गाड्या

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत उंच गाडी ही हौस नव्हती, गरज होती. १९०४ मध्ये सरकारने देशातल्या ग्रामीण रस्त्यांची मोजदाद केली, तेव्हा सुमारे २१ लाख ५० हजार मैलांपैकी जेमतेम ७ टक्के रस्ते खडी किंवा तत्सम पृष्ठाचे निघाले. उरलेले मातीचे होते. पावसाळ्यात आणि बर्फ वितळताना त्यांवर बैलगाडीच्या चाकोरीसारखे खोल चर पडत. १९०८ मध्ये आलेले फोर्डचे मॉडेल टी अशाच रस्त्यांसाठी घडवले होते. त्याची चाके सुमारे ३० इंच व्यासाची होती आणि पोटाखाली साधारण १० इंच मोकळी जागा होती. पुढे एक आणि मागे एक असे आडवे पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंग, होते, त्यामुळे एक चाक खड्ड्यात गेले तरी गाडी फारशी न पिळवटता पुढे सरके.

शेतकरी या गाडीच्या मागच्या भागावर स्वतःच लाकडी पेट्या ठोकत. १९२५ मध्ये फोर्डने मागे पोलादी हौदा असलेले मॉडेल टी कारखान्यातूनच विकायला काढले. त्याची किंमत २८१ डॉलर होती. एखाद्या मोठ्या मोटार कंपनीने कारखान्यात पूर्ण बांधलेला पहिला पिकअप म्हणून त्याचा उल्लेख होतो.

पुढच्या ३० वर्षांत रस्ते पक्के होत गेले. १९१६ आणि १९२१ च्या केंद्रीय कायद्यांनी राज्यांना रस्त्यांसाठी पैसा मिळाला आणि १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचे जाळे उभे राहू लागले. रस्ता सपाट झाला तशी गाडी खाली आली. चाके लहान झाली, पाटे मऊ झाले आणि पिकअपही मोटारीसारखा बुटका होऊ लागला. ज्यांना अजूनही शेतात, जंगलात, खाणीवर किंवा वीजवाहिन्यांच्या मार्गावर जायचे होते, त्यांना मात्र कारखान्याची गाडी अपुरी पडू लागली. उंची वाढवण्याचा धंदा या दरीतून जन्मला.

चारही चाकांना ताकद

या वाटेवरचा पहिला मोठा टप्पा चारही चाकांना इंजिनाची ताकद देण्याचा होता. १९३१ मध्ये इंडियानापोलिस येथे स्थापन झालेली मार्मन-हेरिंग्टन ही कंपनी १९३५ पासून फोर्डचे ट्रक घेऊन त्यांना पुढचा चालता अ‍ॅक्सल बसवून देऊ लागली. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. डॉजने पाऊण टनी लष्करी ट्रक पुरवले. युद्ध संपल्यावर यांतल्या अनेक गाड्या आणि त्यांचे सुटे भाग शिल्लक माल म्हणून स्वस्तात विकले गेले. लष्करी अ‍ॅक्सल, लष्करी रिम आणि जाड नक्षीचे लष्करी टायर गावोगावच्या गॅरेजांत पोहोचले.

१९४६ मध्ये डॉजने लष्करी ट्रकच्या पायावर ‘पॉवर वॅगन’ हा नागरी पिकअप आणला. त्याला ९.००-१६ मापाचे उंच टायर मिळत. उंच चेसी, जाड पाटे, पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल आणि मोठी चाके अशी त्याची घडण होती. नंतरच्या पिढ्यांनी उंच पिकअपचे जे रूप डोळ्यांसमोर ठेवले त्याचा कारखान्यात बनलेला पहिला नमुना बहुधा हाच.

१९५० च्या दशकात मिनियापोलिसची नॅपको ही कंपनी शेव्हरोले आणि जीएमसी पिकअपसाठी पुढचा अ‍ॅक्सल, ताकद पुढे-मागे वाटणारी ट्रान्सफर केस आणि पाटे असा पूर्ण संच विकत असे. चेसीत थोडी भोके पाडून तो बसवता येई. १९५७ पासून शेव्हरोलेने हा संच स्वतःच्या ग्राहकांना कारखान्यातून द्यायला सुरुवात केली. फोर्डने १९५९ मध्ये आणि शेव्हरोलेने १९६० मध्ये स्वतःच्या घडणीचे फोर व्हील ड्राइव्ह पिकअप आणले. पुढचा अ‍ॅक्सल बसवण्यासाठी हे ट्रक आपोआपच साध्या पिकअपपेक्षा काही इंच उंच झाले. उंची म्हणजे ताकद हे समीकरण खरेदीदारांच्या मनात याच काळात पक्के झाले.

वाळू, चिखल आणि खडक

खरी गती टायरने दिली. टायर जमिनीला जेवढ्या क्षेत्रावर टेकतो ते क्षेत्र ढोबळमानाने त्यावरचा भार भागिले आतल्या हवेचा दाब एवढे असते. दाब ३५ पौंडांवरून १५ पौंडांवर आणला तर टेकणारे क्षेत्र दुपटीहून अधिक होते आणि गाडी वाळूत रुतत नाही. मात्र उंची कमी असलेल्या टायरची हवा कमी केली की रिम जमिनीला लागते. म्हणून रुंद, उंच आणि भरपूर हवा मावणारा टायर हवा असतो.

फ्लॉरिडातल्या एव्हरग्लेड्सच्या दलदलीत शिकारी मंडळींनी हे फार आधी ओळखले होते. त्यांनी जुन्या मोटारींच्या सांगाड्यांना ट्रॅक्टरची आणि विमानाची चाके लावून ‘स्वॅम्प बगी’ बनवल्या. नेपल्स गावात १९४९ पासून त्यांच्या शर्यती होऊ लागल्या. कॅलिफोर्नियात वाळवंट जवळ होते. तिथे १९६० च्या दशकात डिक सेपेक यांनी वाळूसाठी रुंद टायर शोधून टपालाने विकण्याचा व्यवसाय उभा केला. १९६२ मध्ये ‘फोर व्हीलर’ हे मासिक निघाले आणि एका गॅरेजातली युक्ती दुसऱ्या राज्यातल्या गॅरेजात छापील रूपात पोहोचू लागली.

छंदाची तीर्थक्षेत्रेही याच सुमारास ठरली. सिएरा नेवाडा पर्वतातल्या रुबिकॉन वाटेवर १९५३ मध्ये पहिली ‘जीपर्स जॅम्बोरी’ झाली. युटातल्या मोआब गावाने १९६७ मध्ये ईस्टर जीप सफारी सुरू केली. त्याच वर्षी मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पात तिहुआना ते ला पाझ अशी ‘मेक्सिकन १०००’ शर्यत झाली. पुढे ‘बाहा १०००’ या नावाने प्रसिद्धीस आलेल्या परंपरेचा तो आरंभ होता. रुबिकॉनला खडक हळू चढायचे असतात, लुइझियानात चिखल कापायचा असतो आणि बाहात वेगाने उसळायचे असते. त्यामुळे तिन्ही ठिकाणी टायरची नक्षी आणि स्प्रिंगची घडण वेगवेगळी विकसित झाली.

चिखलासाठी लुइझियानातल्या रेन गावच्या इंटरको कंपनीचे ‘सुपर स्वॅम्पर’ टायर गाजले. त्यांच्या नक्षीचे ठोकळे खोल आणि विरळ असत, म्हणजे चाक फिरताना चिखल बाहेर फेकला जाई. डांबरी रस्त्यावर तेच टायर घोंघावत आणि लवकर झिजत. हा पेच १९७६ मध्ये बीएफगुडरिचच्या ‘रेडियल ऑल-टेरेन टी/ए’ने बराच सोडवला. तोपर्यंत ट्रकच्या मोठ्या टायरमध्ये धाग्यांचे थर तिरके असत. रेडियल घडणीत ते आडवे जातात, त्यामुळे टायरच्या बाजू लवचीक राहतात आणि तळ सपाट राहतो. एकच टायर रोज कामावर आणि रविवारी डोंगरात चालू लागला. १९८० मध्ये याच कंपनीने चिखलासाठी ‘मड-टेरेन’ काढला. ऑल-टेरेन आणि मड-टेरेन ही दुकानांत आजही चालणारी वर्गवारी इथून सुरू झाली.

मापाची भाषाही याच काळात बदलली. ३३×१२.५० आर १५ असे लिहिले की ३३ इंच उंची, साडेबारा इंच रुंदी आणि १५ इंची रिम हे थेट कळे. दुसऱ्या पद्धतीत एलटी २८५/७५ आर १६ असे लिहितात. यात २८५ मिलिमीटर रुंदी, रुंदीच्या ७५ टक्के बाजूची उंची आणि १६ इंची रिम असते. हिशेब केला तर हा टायर पावणेतेहतीस इंचांच्या किंचित वर भरतो. एलटी ही अक्षरे हलक्या ट्रकचा टायर दर्शवतात आणि त्यापुढची सी, डी, ई ही अक्षरे भार पेलण्याची श्रेणी सांगतात. माल किंवा ट्रेलर ओढणाऱ्या पिकअपला उंचीइतकीच ही श्रेणी महत्त्वाची असते.

गाडी उचलण्याच्या रीती

टायर मडगार्डला घासू लागला तेव्हा दोनच वाटा होत्या. एक तर पत्रा कापायचा, नाही तर गाडी उचलायची. पाट्यांच्या गाड्यांवर उचलण्याच्या रीती साध्या होत्या. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे अ‍ॅक्सल आणि पाट्यांच्या मध्ये लोखंडी ठोकळा घालून लांब यू-बोल्टने आवळणे. दुसरा उपाय पाट्याचे टोक चेसीला जोडणारे शॅकल लांब करणे, तिसरा पाट्यांच्या गठ्ठ्यात आणखी एक पाटा घालणे आणि चौथा अधिक कमानीचे नवे पाटे बसवणे. जुन्या जीपमध्ये पाटे अ‍ॅक्सलच्या खालून जात. ते वरून बसवले की एका फटक्यात सुमारे पाच इंच उंची मिळे.

प्रत्येक रीतीची किंमत वेगळी होती. ठोकळ्यामुळे पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यात तरफ तयार होते. जोरात वेग घेताना किंवा ब्रेक लावताना अ‍ॅक्सल फिरू पाहतो आणि पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे वाकतात. पुढच्या अ‍ॅक्सलवर स्टीअरिंग आणि बहुतांश ब्रेकचा भार असतो. म्हणून पुढे ठोकळे वापरू नयेत आणि कुठेही एकावर एक ठोकळे रचू नयेत, हा कारागिरांचा जुना नियम आहे. काही राज्यांच्या कायद्यांतही तो आला आहे. लांब शॅकलने गाडी बाजूला डुलते आणि पुढे वापरल्यास चाक सरळ ठेवणारा कास्टर कोन बिघडतो. जादा पाट्याने गाडी कडक होते. नवे, पातळ पण अधिक पानांचे पाटे महाग पडतात, मात्र चाल सर्वांत चांगली ठेवतात.

स्प्रिंगला हात न लावण्याचीही एक वाट निघाली. चेसी आणि केबिन यांच्यातल्या रबरी बैठकींवर दोन-तीन इंचांचे गोल ठोकळे घालून फक्त केबिन आणि हौदा उचलायचा. याला ‘बॉडी लिफ्ट’ म्हणतात. चेसी आणि इंजिन जागच्या जागी राहतात, त्यामुळे गुरुत्वमध्य कमी वर जातो आणि चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे कोन बदलत नाहीत. मात्र बंपर, रेडिएटरचे आवरण आणि स्टीअरिंगचा दांडा यांची फेरजुळणी करावी लागते.

१९७० च्या दशकात हे उपाय एकत्र बांधून विकणाऱ्या कंपन्या निघाल्या. लुइझियानातल्या वेस्ट मन्रो येथे १९७४ मध्ये सुरू झालेली स्कायजॅकर ही त्यांतली एक. कॅलिफोर्नियातल्या रँचोने शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि पाटे यांचे संच लोकप्रिय केले. गॅरेजातल्या अंदाजाची जागा ‘चार इंची किट, ३३ इंची टायर’ अशा छापील तक्त्यांनी घेतली.

उंचीची परतफेड

लिफ्ट किटबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज असा की गाडी उचलली की ती अधिक उंच दगडांवरून जाते. अखंड अ‍ॅक्सलच्या गाडीत सर्वांत खालचा भाग डिफरन्शियलचा गोळा असतो आणि तो चाकाच्या मध्यावर असतो. स्प्रिंग उंच केल्याने तो तसूभरही वर जात नाही. त्याला फक्त टायर उचलतो, तोही वाढलेल्या व्यासाच्या निम्म्याने. ३१ इंची टायरच्या जागी ३५ इंची बसवला तर गोळ्याखाली दोन इंच जागा वाढते. स्प्रिंगची उंची या टायरला हालचालीसाठी जागा देते आणि चेसीचे पोट, पुढचे टोक आणि मागचे टोक अडथळ्यापासून वर ठेवते.

मोठ्या टायरचा पहिला हिशेब गिअरचा असतो. चाक मोठे झाले की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर जाते आणि इंजिनावरचा भार वाढतो. गिअरचे मूळ प्रमाण ३.७३ असेल आणि टायर ३१ वरून ३५ इंच केला, तर पूर्वीसारखी ओढ मिळवण्यासाठी ३.७३ ला ३५ ने गुणून ३१ ने भागायचे. उत्तर ४.२१ येते. बाजारात मिळणारे जवळचे प्रमाण ४.१० असते. डोंगरात किंवा जड भाराने चालणारे ४.५६ निवडतात. प्रमाण बदलण्यासाठी क्राउन आणि पिनियन ही दातेरी चाके बदलण्याचे काम पुढच्या आणि मागच्या दोन्ही अ‍ॅक्सलवर सारख्याच प्रमाणात करावे लागते. ते न केल्यास वेगदर्शकही फसवतो. वरच्या उदाहरणात काटा १०० वर असताना गाडी प्रत्यक्षात सुमारे ११३ किलोमीटर वेगाने धावत असते.

दुसरी परतफेड स्टीअरिंगची. गाडी चार इंच उचलली की स्टीअरिंगचे दांडे आणि ट्रॅक बार नावाचा आडवा दांडा तिरके होतात. चाक खड्ड्यात गेले की स्टीअरिंग आपोआप वळते. कास्टर कोन कमी झाला आणि ट्रॅक बारचे बुश सैल असले, तर पुढचा अ‍ॅक्सल जोरात थरथरू लागतो. या थरथरीला अमेरिकन चालक ‘डेथ वॉबल’ म्हणतात. खाली वाकवलेले पिटमन आर्म, ट्रॅक बारचे नवे ब्रॅकेट, कोन सुधारणाऱ्या पाचरी आणि स्टीअरिंगचा डँपर हे भाग या त्रासातून किटमध्ये आले.

तिसरी बाब शाफ्टची आणि ब्रेकची. ट्रान्सफर केस वर गेली आणि अ‍ॅक्सल खाली राहिला की प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो आणि युनिव्हर्सल जॉइंट लवकर झिजतात. त्यावर ट्रान्सफर केस थोडी खाली आणणारे तुकडे किंवा दुहेरी जॉइंटचा शाफ्ट वापरतात. ब्रेकचे रबरी पाइप लांब घ्यावे लागतात, कारण चाक पूर्ण खाली लोंबले की आखूड पाइप ताणून तुटू शकतो. जड टायर थांबवायला ब्रेकला अधिक काम पडते. बाहेर निघालेली रिम चाकाच्या बेअरिंगवर आणि बॉल जॉइंटवर तरफेसारखा भार टाकते.

सर्वांत गंभीर परतफेड स्थैर्याची असते. गाडी उलटण्याचा धोका मोजताना अमेरिकेची महामार्ग सुरक्षा संस्था डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट असा अंक वापरते. समजा अंतर ६६ इंच आणि गुरुत्वमध्य २९ इंचांवर आहे, तर अंक १.१४ येतो. गुरुत्वमध्य पाच इंच वर गेला की तो ०.९७ वर उतरतो. अंक जितका लहान तितकी गाडी वळणावर लवकर कलंडते.

स्वतंत्र सस्पेन्शनचे आव्हान

१९८० च्या दशकात कारखान्यांनी पुढचा अखंड अ‍ॅक्सल सोडायला सुरुवात केली. ग्राहक आता पिकअप मोटारीसारखा रोज वापरत होते आणि त्यांना मऊ चाल हवी होती. फोर्डने १९८० मध्ये पुढचा अ‍ॅक्सल मध्ये दुभंगलेला ‘ट्विन ट्रॅक्शन बीम’ आणला. टोयोटाचा चार चाकी ओढीचा पिकअप १९७९ मध्ये अमेरिकेत आला तेव्हा पुढे पाटे आणि अखंड अ‍ॅक्सल होता. १९८६ च्या मॉडेलपासून तिथे प्रत्येक चाक वेगळे हलू देणारे स्वतंत्र सस्पेन्शन आले. म्हणून १९७९ ते १९८५ मधले टोयोटा पिकअप खडकप्रेमींमध्ये आजही मागणीत आहेत. शेव्हरोले आणि जीएमसीचे मोठे पिकअप १९८८ मध्ये, फोर्ड एफ-१५० १९९७ मध्ये आणि डॉज रॅम १५०० २००२ मध्ये याच वाटेने गेले. जड कामाच्या फोर्ड सुपर ड्यूटी आणि मोठ्या रॅम ट्रकांनी मात्र अखंड अ‍ॅक्सल राखला.

स्वतंत्र सस्पेन्शनला ठोकळे-पाट्यांचा सोपा हिशेब लागू पडत नाही. इथे डिफरन्शियल चेसीला बांधलेला असतो आणि चाकांकडे जाणाऱ्या आखूड शाफ्टांचे जॉइंट ठरावीक कोनापर्यंतच वाकतात. त्यामुळे दोन प्रकारची किट निघाली. पहिल्यात स्ट्रटच्या डोक्यावर चकती घालून किंवा टॉर्शन बारचा बोल्ट फिरवून पुढचा भाग दीड-दोन इंच वर घेतात. मालासाठी मागे उंच ठेवलेला कारखान्याचा पिकअप यामुळे सपाट दिसतो, म्हणून याला ‘लेव्हलिंग किट’ म्हणतात. दुसऱ्या प्रकारात चार ते सहा इंच उंचीसाठी नवे आडवे तुकडे लावून संपूर्ण पुढची जुळणी, डिफरन्शियलसह, चेसीच्या खाली आणतात. भूमिती जवळपास मूळची राहते, पण लटकणारे हे तुकडे खडकाला लागतात. दोन्हींच्या मध्ये नवे वरचे कंट्रोल आर्म आणि स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेले, उंची बदलता येणारे कॉइलओव्हर यांचा मार्ग आहे. तो महाग असतो, पण चाकाची हालचाल वाढवतो.

याच काळात शॉक अ‍ॅब्सॉर्बरचेही महत्त्व कळले. १९८० च्या दशकात एका चाकाला दोन, तीन किंवा चार शॉक लावण्याची फॅशन होती. त्यातली बरीच दिखाऊ होती. बाहाच्या शर्यतींनी दाखवून दिले की लांब हालचालीचा, वायूच्या दाबाचा आणि तेल थंड ठेवणारा एकच चांगला शॉक तीन साध्या शॉकांना भारी ठरतो.

बिगफूट आणि दिखाव्याचे पर्व

उंचीला तमाशाचे रूप मिझुरीतल्या सेंट लुइस परिसरातल्या बॉब चँडलर यांनी दिले. त्यांनी १९७४ चा फोर्ड एफ-२५० घेतला. तो चालवताना मोडे ते प्रत्येक वेळी अधिक मजबूत भागांनी बदलत गेले आणि टायरही वाढत ४८ इंचांवर गेले. गाडीचे नाव ‘बिगफूट’. १९८१ मध्ये चँडलर यांनी ती भंगार मोटारींवरून चालवली. त्याचे चित्रण पाहून आयोजकांनी हाच खेळ मैदानांत मागितला. १९८२ च्या दुसऱ्या बिगफूटला लष्करी अ‍ॅक्सल आणि ६६ इंची टायर होते. मॉन्स्टर ट्रकांच्या स्पर्धांत आजही ६६ इंच हेच माप आहे. १९८५ च्या ‘बॅक टू द फ्यूचर’ चित्रपटातला उंच काळा टोयोटा पिकअप एका पिढीच्या स्वप्नात शिरला. यानंतर विकल्या गेलेल्या अनेक किटांचा चिखलाशी संबंध आलाच नाही.

कायद्याची चौकट

अमेरिकेत मोटारींच्या बंपरचा नियम जमिनीपासून १६ ते २० इंचांचा पट्टा धरतो, पण पिकअपना तो लागू नाही. उंच पिकअपचा बंपर मोटारीच्या बंपरवरून सरळ दारात किंवा काचेत शिरतो. म्हणून राज्यांनी स्वतःचे नियम केले. कॅलिफोर्नियात चेसीची उंची गाडीच्या भारासह कमाल वजनावर ठरते. ४,५०० पौंडांपर्यंतच्या ट्रकला २७ इंच, ७,५०० पर्यंत ३० इंच आणि १०,००० पर्यंत ३१ इंच. केबिनचा तळ चेसीच्या माथ्यापासून पाच इंचांपेक्षा वर नेता येत नाही. इतर राज्ये बंपर, दिवे किंवा एकूण उंची मोजतात, त्यामुळे एका राज्यात चालणारी गाडी दुसऱ्यात दंडास पात्र ठरू शकते.

१९७२ मध्ये अध्यक्ष निक्सन यांच्या आदेशाने सार्वजनिक जमिनींवर वाटेबाहेरच्या वाहनांसाठी क्षेत्रे ठरवणे सुरू झाले. सप्टेंबर २०११ पासून हलक्या वाहनांना इलेक्ट्रॉनिक स्थैर्य नियंत्रण सक्तीचे झाले, तेव्हा किट बनवणाऱ्यांना आपल्या भागांसह ही यंत्रणा नीट चालते का हे तपासावे लागले. पुढचा भाग खूप वर आणि मागचा खाली ठेवण्याच्या ‘कॅरोलिना स्क्वॉट’ या तऱ्हेत चालकाला समोरचा रस्ता दिसत नाही. नॉर्थ कॅरोलिनाने डिसेंबर २०२१ पासून ती बंद केली, तर व्हर्जिनियाने २०२२ मध्ये आणि साउथ कॅरोलिनाने २०२३ मध्ये तसेच केले.

कारखान्याचे उत्तर आणि इतर देश

अखेर कारखान्यांनी छंदाची पद्धत स्वीकारली. २०१० च्या मॉडेलचा फोर्ड रॅप्टर ३५ इंची टायर, चाकांमधले वाढीव अंतर आणि शर्यतीच्या धर्तीचे शॉक घेऊन आला. २०२१ मध्ये त्याला ३७ इंची टायरचा पर्याय मिळाला. अशा गाडीत ब्रेक, गिअर, स्टीअरिंग आणि संगणक मोठ्या टायरसाठीच आखलेले असतात.

इतर देशांत गरज वेगळी होती. आइसलँडमध्ये हिमनद्यांवरच्या मऊ बर्फावर दोन-तीन पौंड दाबाने चालण्यासाठी ३८ ते ४४ इंची टायर आले. १९९० मध्ये सुरू झालेल्या आर्क्टिक ट्रक्सने त्याचा उद्योग केला. ऑस्ट्रेलियात अंतरे मोठी आणि सामान जड. तिथे १९७५ मध्ये मेलबर्नजवळ स्थापन झालेल्या एआरबीसारख्या कंपन्यांनी ४०-५० मिलिमीटरची माफक उंची आणि भारानुसार निवडायचे स्प्रिंग यांवर भर दिला.

महाराष्ट्राशी या इतिहासाचा धागा जीपमुळे जुळतो. महिंद्रा कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. कांदा, द्राक्षे आणि भाजीपाला वाहणाऱ्या पिकअपांना जादा पाटा घालण्याचे काम इथल्या गॅरेजांना नवे नाही, फक्त तिथे हेतू उंचीचा नसून भाराचा असतो. उंची आणि मोठे टायर यांबाबत भारतीय कायदा कडक आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ च्या निकालात हेच स्पष्ट केले.

निवडीचा क्रम

शंभर वर्षांच्या अनुभवातून निवडीचा जो क्रम पक्का झाला तो असा: प्रथम गाडी कुठे चालणार आणि किती भार वाहणार हे ठरवावे. त्यानुसार टायरची नक्षी, उंची आणि भारश्रेणी निवडावी. त्या टायरला स्प्रिंग पूर्ण दबल्यावर आणि स्टीअरिंग पूर्ण वळल्यावर लागेल तेवढीच उंची घ्यावी. मग गिअरचे प्रमाण, शॉक, स्टीअरिंगचे कोन, ब्रेकचे पाइप आणि रिमचा ऑफसेट (ती किती बाहेर निघते) यांची जुळणी करावी. शेवटी चाकांची अलाइनमेंट, दिव्यांचा रोख आणि वेगदर्शक दुरुस्त करून घ्यावेत. यातले काहीही करण्याआधी आपल्या राज्याचा कायदा पाहावा. रोजच्या रस्त्यावर आणि अधूनमधून डोंगरात चालणाऱ्या पिकअपला दोन-तीन इंचांची उंची आणि दोन मापांनी मोठा ऑल-टेरेन टायर पुरतो. त्यापुढचा प्रत्येक इंच ब्रेक, जॉइंट आणि स्थैर्य यांच्या खात्यातून वसूल होतो.